द्यूत, मौन आणि माघार

त्यागाविषयीचा विचार आपल्या नीतिपरंपरेत विपुल आहे. परंतु तो प्रायः दोन प्रकारांभोवती फिरत राहिलेला दिसतो. एक, वाइटाचा त्याग. दुसरा, मोठ्या श्रेयासाठी लहान श्रेयाचा त्याग. पहिल्यात काय सोडावयाचे ते स्पष्ट असते, दुसऱ्यात काय मिळणार ते. याखेरीज त्यागाचा एक तिसरा प्रकार आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. हाती असलेली गोष्ट चांगली आहे, ती वारंवार मिळणारी नाही, ती सोडल्याने दुसरे काही पदरात पडणार नाही, आणि तरीही ती सोडणे योग्य ठरते. कारण समोरच्याजवळ तिच्याहून सरस काही असावे असे वाटू लागलेले असते. ते दिसलेले नसते. त्याच्या वागण्यावरून तसे अनुमान करावे लागते, एवढेच. पत्त्यांच्या जुगारात हा प्रसंग नित्याचा आहे. एका निषिद्ध मानल्या गेलेल्या खेळात एक गंभीर नैतिक प्रश्न असा नेमकेपणाने मांडला जातो: बळकट हात केव्हा टाकून द्यावा, आणि तो टाकून देणाऱ्याला भित्रा म्हणावे, विरक्त म्हणावे की विवेकी?

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. शिवपार्वतीच्या सारीपाटाची कथा तिच्याशी जोडली गेली, आणि वर्षभर ज्या घरांत पत्ते निघत नाहीत तेथेही दिवाळीत ते निघतात. ‘तीन पत्ती’ हा त्यांतील सर्वांत परिचित खेळ. युरोप-अमेरिकेतील पोकरचा तो नातलग. प्रत्येकाने आरंभी ‘बूट’ लावावयाचा, प्रत्येकाला तीन पाने मिळावयाची, ती न पाहता ‘ब्लाइंड’ किंवा पाहून ‘चाल’ करावयाची, आणि पुढे जावयाचे नसेल तर ‘पॅक’ व्हावयाचे. अखेरीस दोघे उरले म्हणजे त्यांतील एकाने पैसे भरून ‘शो’ मागावयाचा. शो झाल्याखेरीज कोणाचीही पाने उघडी होत नाहीत. ही शेवटची अट क्षुल्लक वाटते. पण खेळाचे सारे तत्त्वज्ञान तिच्यात आहे.

बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० निरनिराळे हात होऊ शकतात. त्यांपैकी ट्रेल ५२, एकाच रंगाचे सिक्वेन्स ४८, साधे सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, जोड्या ३,७४४ आणि उरलेले १६,४४० नुसत्या मोठ्या पानाचे. ज्याच्या हाती कलर आला त्याला हरविणारे वरच्या जातींचे हात केवळ ८२० आहेत. म्हणजे शंभरात चारही नाहीत. कलरांमधला अगदी मधला कलर धरला, तर त्याच्याहून मोठे कलर निम्मे, सुमारे ५४८. दोन्ही मिळून १,३६८. आपल्या हातातील तीन पाने गठ्ठ्यातून गेल्यामुळे पडणारा बारीक फरक सोडून दिला, तर कोणत्याही अनोळखी हातापुढे हा कलर शंभरात सुमारे चौऱ्याण्णव वेळा जिंकतो. त्याला बळकट म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

आता समोर बसलेला गडी जपून खेळणारा आहे असे मानावे. संध्याकाळभर तो बूट लावून पाने पाहतो आणि मुकाट्याने पॅक होतो. कलर किंवा त्याहून वरचा हात असल्याखेरीज तो चाल वाढवीत नाही, हे सर्वांनी पाहिलेले आहे. असा गडी चाल वाढवितो तेव्हा २२,१०० हातांचा विचार संपतो. त्याच्याजवळ असू शकणारे हात १,९१६ उरतात, आणि त्यांतील तेच १,३६८ आपल्याला हरविणारे असतात. शंभरात चौऱ्याण्णव वेळा जिंकणारा हात आता शंभरात एकाहत्तर वेळा हरणारा झाला. हातातील एकही पान बदललेले नाही. बदलले ते एका माणसाचे वागणे, आणि त्या वागण्याला आजवरच्या त्याच्या संयमामुळे आलेला अर्थ. उथळ खेळणाऱ्याने तीच चाल केली असती तर तिचा अर्थ जवळजवळ शून्य होता. बोलण्याचे वजन बोलणाऱ्याच्या आधीच्या मौनावरून ठरते, हे वाङ्मयाच्या अभ्यासकाला नवे नाही. मितभाषी कवीच्या एका विशेषणापाशी तो थांबतो आणि वाचाळ कवीची दहा विशेषणे ओलांडून जातो. पत्त्यांच्या डावात तेच तत्त्व पैशांत मोजले जाते.

तथापि हरण्याचा संभव अधिक, एवढ्यानेच पॅक होणे योग्य ठरत नाही. प्रश्न किमतीचाही असतो. मध्यभागी ३०० रुपये जमले आहेत आणि शोसाठी १०० भरावे लागणार आहेत, तर ४०० मिळविण्यासाठी १०० घालावयाचे आहेत. शंभरात पंचवीसपेक्षा अधिक वेळा जिंकण्याची आशा असेल तर ते घालण्यात चूक नाही, आणि येथे ती आशा सुमारे एकोणतीस आहे. मध्यभागी १०० च असतील व १०० च भरावयाचे असतील, तर निम्म्या वेळा तरी जिंकावयास हवे. तेथे हाच कलर टाकून द्यावा लागतो. म्हणजे निर्णयात तीन गोष्टी येतात: आपला हात, समोरच्याच्या वर्तनाची साक्ष आणि सत्य पाहण्याची किंमत. चौथी गोष्ट मात्र त्यात येऊ नये, आणि तीच बहुधा येते: आधी घातलेले पैसे. मध्यभागी गेलेला रुपया कोणाचाच नसतो. तो आपला आहे या समजुतीने त्याच्यामागे दुसरा पाठविणे, यातूनच बहुतेक घरे बुडालेली आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीसंबंधीच्या एका निकालात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला, कारण त्यात पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात. आणि तीन पानांच्या खेळाला निव्वळ दैवाचा खेळ म्हटले. निकालाची दृष्टी पानांवर होती आणि पानांपुरती ती बरोबर होती: वाटप दैवाधीन असते. परंतु पॅक होण्याचा निर्णय पाने घेत नाहीत. तो माणूस माणसाकडे पाहून घेतो. यावरून जुगार निर्दोष ठरत नाही. संसदेने २०२५ साली पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला तेव्हा कौशल्य आणि दैव हा भेदच बाजूला ठेवला, आणि उद्ध्वस्त होणाऱ्या कुटुंबांचा विचार केला तर त्या भूमिकेमागचे कारण समजते. येथे मुद्दा वेगळा आहे. ज्याला कायद्याने दैव म्हटले त्याच्या आत निर्णयाची एक जागा आहे, आणि निर्णय जेथे आहे तेथे नीतीचा प्रश्न असणारच.

या निर्णयाचे एक लक्षण असे की तो कधीही पडताळून पाहता येत नाही. पॅक झालेल्याला समोरची पाने पाहण्याचा अधिकार नसतो. जपून खेळणाऱ्या गड्याने आपल्या लौकिकाचा लाभ घेऊन आज प्रथमच हूल दिली असेल, तरी ते कळणार नाही. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पोकरला स्वतंत्र विवेचन दिले, आणि हूल ही खेळाडूची लबाडी नसून शहाण्या खेळाचाच एक भाग असल्याचे गणिताने दाखविले. तेव्हा पॅक होणारा फसविला जाण्याची शक्यता गृहीत धरूनच पॅक होतो. त्याचा निर्णय योग्य असून परिणाम वाईट असू शकतो, आणि परिणाम कोणता झाला हेही त्याला अज्ञात राहते. ‘शो’चा हट्ट धरणारा माणूस अनेकदा पैशासाठी हट्ट धरीत नाही, न जाणता जगणे त्याला सोसत नाही. बळकट हात सोडणे म्हणजे प्रथम हे न जाणणे सोसणे होय.

यावरून ही माघार भीतीहून वेगळी आहे, हे दिसते. भित्रा कोणत्याही चालीपुढे पॅक होतो. त्याला समोरच्याची पारख नसते. ती वैराग्याहूनही वेगळी आहे. ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांच्या पूर्वायुष्याची जी हकीकत येते तीत हरिपाळदेव जुगारात हरतात, देणे फेडण्यासाठी पत्नी कमळाइसेकडे दागिने मागतात, ती नाकारते, आणि त्या नकारातून त्यांना संसाराची उपरती होते. तेथे एक डाव सोडलेला नाही. खेळच सोडलेला आहे. पॅक होणारा बैठकीतच राहतो. पुढच्या वाटपाला तो पुन्हा बूट लावणार असतो. त्याने फक्त एवढे मान्य केलेले असते की आपल्या बाजूचे बळ हे संपूर्ण सत्य नव्हे.

भिवंडीच्या संदर्भात हा प्रश्न खेळाच्या बाहेर येतो आणि अधिक कठोर होतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली बाहेर पडले. कामगार चळवळीच्या इतिहासात याहून बळकट हात क्वचित आला असेल: संख्या होती, एकजूट होती, गिरण्या पूर्ण बंद होत्या, आणि अन्य उद्योगांत सलग विजय मिळविलेला नेता होता. मागण्यांत पगार व बोनस होता, तसेच १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे एकाच संघटनेला मिळालेल्या प्रतिनिधित्वाच्या मक्त्याला विरोधही होता. समोर गिरणीमालक आणि शासन होते. त्यांनी घाई केली नाही. वाटाघाटींसाठी ते धावून आले नाहीत. महिन्यांमागून महिने गेले.

त्या संथपणाचा अर्थ काय होता? गिरण्या बंद असूनही बाजारातून कापड नाहीसे झाले नव्हते. मालकांजवळ आधीचा साठा होता, आणि विणकाम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे वळले होते. यंत्रमागावर विणलेल्या कापडावर गिरणीची छाप पडून ते दुकानांत येत होते. मालकांच्या हातातील न दाखविलेले पान भिवंडीत होते, असे म्हणता येईल. ते पूर्णपणे झाकलेलेही नव्हते. कापडाच्या दुकानात गेलेल्या कोणालाही त्याची कड दिसू शकत होती. गप्प राहणारा प्रतिपक्ष दुर्बळ आहे म्हणून गप्प आहे, हे अनुमान त्या संपात केले गेले. पण तो गप्प राहू शकत होता, कारण त्याला थांबणे परवडत होते. संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही, आणि बहुसंख्य कामगारांना ती नोकरी पुन्हा पूर्वीसारखी मिळाली नाही.

परंतु येथेच टीकाकाराने सावध व्हावयास हवे. डाव हरला म्हणून तो टाकून द्यावयास हवा होता, हा तर्क परिणामावरून मागे जाणारा आहे, आणि वर पाहिल्याप्रमाणे परिणाम हा निर्णयाचा निकष नव्हे. दुसरे असे की पॅक होण्यासाठी बूट गमावण्याची ऐपत लागते. ज्याने दिवाळीचे पन्नास रुपये लावले आहेत तो सहज उठू शकतो. ज्याने नोकरी, चाळीतील खोली आणि मुलांच्या शाळा लावल्या आहेत त्याच्यासाठी उठणे म्हणजेच हरणे असते. तिसरे, नेता दुसऱ्यांच्या पानांनी आणि दुसऱ्यांच्या पैशांनी खेळत असतो. आपला हात सोडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. अडीच लाख लोकांचा हात सोडण्याचा अधिकार कोणाला असतो? तसाच, तो न सोडण्याचा तरी कोणाला? जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात संपानंतरच्या गिरणगावातील एक कुटुंब येते. त्या घरातील मुलांनी पाने कधीच पाहिलेली नव्हती, तरी देणे त्यांच्यावर आले. नाटकाचे सामर्थ्य असे की ते दोषारोपाच्या हिशेबात न शिरता ते देणे किती होते एवढेच दाखविते.

भिवंडीकडूनही या प्रसंगाकडे पाहिले पाहिजे, कारण तसे क्वचितच पाहिले जाते. मागावर उभा राहणारा कामगारही कामगारच होता. बहुधा परप्रांतातून आलेला, मीटरमागे मजुरी घेणारा, बारा-बारा तासांच्या पाळीत राबणारा, संघटनेचे छत्र नसलेला. त्याने मुंबईच्या कामगाराविरुद्ध काही ठरविले नव्हते. तो खेळाडू नव्हता, पान होता. आणि आपण कोणाच्या हातात आहोत हे पानाला कळत नाही. डावाच्या उपमेची मर्यादा येथे उघड होते. पत्त्यांत पाने निर्जीव असतात. समाजात एकाच्या हातातील पान हे दुसऱ्या कोणाचे तरी आयुष्य असते. म्हणून समोरच्याच्या संयमाचे वाचन करताना त्याच्याजवळ काय आहे, एवढेच विचारून भागत नाही. त्याचा संयम कोणाच्या कष्टांवर उभा आहे, हेही विचारावे लागते.

या दोन अटी, पारख आणि उठता येण्याचे स्वातंत्र्य, मान्य केल्या म्हणजे मराठी समीक्षेतील एका जुन्या वादाकडे नव्याने पाहता येते. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’ (१९६७) मध्ये द्रौपदीच्या सभेतील प्रश्नावर कठोर अभिप्राय दिला आहे. स्वतःला आधी हरलेल्या युधिष्ठिराला पत्नी पणाला लावण्याचा अधिकार होता काय, हा कायद्याचा काथ्याकूट करण्याची ती वेळ नव्हती. तिने पंडितासारखा वाद न घालता माणुसकीला आणि क्षात्रधर्माला साद घालावयास हवी होती, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. प्रस्तुत परिभाषेत, हात बळकट होता पण तो खेळावयास नको होता. भीष्मासारखा मोजके बोलणारा पुरुष धर्म सूक्ष्म आहे म्हणून उत्तर टाळतो, तेव्हा त्या मौनात पराभवाची सूचना होती आणि ती द्रौपदीने वाचावयास हवी होती.

हे मत सहज बाजूला सारता येणारे नाही. तरीही त्यात दोन मौनांची गल्लत झाली आहे. जपून खेळणारा गडी गप्प असतो कारण त्याच्याजवळ पाने नसतात, आणि म्हणूनच तो बोलतो तेव्हा ते ऐकण्याजोगे असते. भीष्माजवळ पाने होती. अधिकार, वय, शस्त्र, ज्ञान हे सर्व असून त्याने ते खेळले नाही. अशा मौनापुढे माघार घेणे हा विवेक नव्हे, कारण त्या मौनात कसलीच साक्ष नाही. साक्ष होती ती विकर्णाच्या बोलण्यात. शंभर कौरवांतील एक तरुण, ज्याच्याकडून कोणाची अपेक्षा नव्हती, तो उठून द्रौपदी जिंकली गेलेली नाही असे सांगतो. स्वपक्षाच्या हिताविरुद्ध एकदाच केलेले ते विधान हीच त्या सभेतील खरी ‘चाल’ होती, आणि सभेने तिचा अर्थ लावला नाही. कर्णाने त्याला बालिश ठरवून गप्प केले. शिवाय द्रौपदीला उठता येत नव्हते. केस धरून आणलेली स्त्री खेळाडू म्हणून बैठकीला आलेली नव्हती; तीच पण होती. ज्याला उठता येत नाही त्याला ‘तू पॅक का झाला नाहीस’ असे विचारता येत नाही. उठता येत होते युधिष्ठिराला. प्रत्येक फाशानंतर येत होते. आव्हान नाकारावयाचे नाही हे व्रत त्याने पुढे केले, आणि रत्ने, रथ, गायी, भाऊ, स्वतः, पत्नी या क्रमाने तो गेलेल्याच्या मागे राहिलेले पाठवीत गेला.

आणि द्रौपदीला माघार कळत नव्हती असे तरी कसे म्हणावे? अपशकुनांनी भ्यालेला धृतराष्ट्र तिला वर देऊ करतो. पहिल्याने ती युधिष्ठिराचे दास्य सोडविते, दुसऱ्याने उरलेल्या चौघांचे, रथांसह आणि धनुष्यांसह. धृतराष्ट्र तिसरा वर देऊ करतो. या क्षणी तिच्या हातात सभापर्वातील सर्वांत बळकट हात आहे. गेलेले राज्य ती मागू शकते. ती मागत नाही. लोभ धर्माचा नाश करतो, क्षत्रिय स्त्रीला दोनच वर योग्य, एवढे सांगून ती थांबते. तिच्या शब्दांत मर्यादा आहे. पण त्या मर्यादेमागे समोरच्याची पारखही वाचता येते. हा पुरुष एरवी देणारा नव्हे. त्याचे आजचे औदार्य भीतीतून आलेले आहे आणि भीती ओसरली की तेही ओसरेल. त्याच्याकडून जे घेतल्यावर परत घेता येणार नाही तेवढेच घ्यावे: मोकळी माणसे आणि त्यांची शस्त्रे. बुडणाऱ्या पांडवांना ती नाव झाली, असे कर्णालाही म्हणावे लागले. त्यानंतर थोड्याच वेळात युधिष्ठिराला पुन्हा बोलावणे आले, आणि तो पुन्हा खेळावयास बसला.

बळकट हात केव्हा सोडावा, याचे सूत्र या उदाहरणांतून मिळते. पण ते गणिताच्या सूत्रासारखे सर्वत्र लावता येणारे नाही. समोरच्याचे वागणे दीर्घकाळ पाहिलेले असावे. त्याचे मौन अभावाचे आहे की दडविलेल्या बळाचे, हे ओळखलेले असावे. सत्य पाहण्याची किंमत आणि ती कोण भरणार आहे, हे स्वतःला विचारलेले असावे. आणि उठून जाण्याची मोकळीक असावी. या अटी पुऱ्या झाल्या तर माघार हे भित्रेपण नसून दुसऱ्याच्या अस्तित्वाला दिलेली मान्यता ठरते. त्यांतील शेवटची अट पुरी होत नसेल, तर न उठणाऱ्याला हट्टी म्हणण्यापूर्वी टीकाकाराने थांबावे. द्रौपदीच्या सभेत आणि गिरणगावाच्या संपात विवेकाचा उपदेश करणारे पुष्कळ होते. दार उघडून देणारे मात्र कोणी नव्हते.